भाडेकरारातलं लवादाचं कलम: कुठे चालतं, कुठे नुसती शाई ठरतं आणि ते लिहायचं कसं?

भाड्याच्या कराराचं शेवटचं पान. साक्षीदारांच्या सह्यांच्या थोडं वर एक परिच्छेद असतो, जो सहसा कुणी वाचत नाही. एजंट म्हणतो, "स्टँडर्ड फॉरमॅट आहे, सगळ्यांच्यात असतं." त्यात साधारण असं लिहिलेलं असतं:

"या करारातून उद्भवणारा कोणताही वाद मालकाने नेमलेल्या एकमेव लवादाकडे सोपवला जाईल. लवादाचं ठिकाण नवी दिल्ली राहील. लवादाचा निर्णय दोन्ही पक्षांवर अंतिम व बंधनकारक राहील."

दिसायला साधी तीन वाक्यं आहेत. पण हा करार मुंबईतल्या फ्लॅटचा असेल, तर 'कोणताही वाद' हे शब्द बऱ्याच अंशी निरुपयोगी आहेत. 'मालकाने नेमलेल्या' हे शब्द कायद्यात बसत नाहीत. 'नवी दिल्ली' हे दोन शब्द मात्र कोल्हापुरातल्या एखाद्या दुकानदाराला हजार-दीड हजार किलोमीटरचे हेलपाटे घालायला लावू शकतात. डिपॉझिट अडकतं तेव्हा हे सगळं कळतं आणि तोवर सही होऊन गेलेली असते.

हे कलम नेमकं करतं काय?

लवाद म्हणजे आर्बिट्रेशन. दोन पक्ष आधीच ठरवतात की भांडण झालं तर कोर्टात न जाता एका खासगी, तटस्थ व्यक्तीकडे जायचं. त्या व्यक्तीला आर्बिट्रेटर किंवा लवाद म्हणतात आणि तिच्या निकालाला निवाडा. हे सगळं लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ या कायद्यानुसार चालतं. निवाड्याची अंमलबजावणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते आणि तो फार मोजक्या कारणांवरून रद्द करता येतो. "निकाल चुकीचा वाटतो" एवढं कारण त्यासाठी पुरत नाही.

म्हणून हे कलम हलक्यात घेण्यासारखं नाही. ते वैध असेल आणि तुम्ही दिवाणी दावा लावलात, तर समोरचा पक्ष कायद्याच्या कलम ८ खाली अर्ज करतो आणि कोर्ट तुम्हाला लवादाकडे पाठवतं. ते वैध नसेल, तर लवादाकडे घालवलेलं वर्ष-दीड वर्ष आणि फी दोन्ही वाया जाऊ शकतात. दोन्हीकडे नुकसान तुमचंच. त्यामुळे 'वैध आहे का' हा प्रश्न सही करण्याआधीच विचारायला हवा.

आधी जागा कोणत्या कायद्याखाली येते ते पाहा

कलमाची भाषा कितीही चांगली असली तरी सगळं या एका मुद्द्यावर अडतं. भारतात भाड्याची जागा ढोबळमानाने दोन कायद्यांपैकी एकाखाली येते. एक, मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, जो देशभरासाठीचा सर्वसाधारण कायदा आहे. दोन, त्या त्या राज्याचा भाडे नियंत्रण कायदा, जो भाडेकरूला घराबाहेर काढण्यापासून खास संरक्षण देतो आणि असे खटले ठरावीक कोर्टातच चालतील असं सांगतो.

या विषयावरचा महत्त्वाचा निकाल मुंबईच्या सिनेसृष्टीतून आलेला आहे. नवरंग स्टुडिओजने १९७० साली आपले स्टुडिओ नटराज स्टुडिओजला लीव्ह अँड लायसन्सवर दिले. करारात लवादाचं कलम होतं. पुढे १९७३ मध्ये मुंबईच्या तेव्हाच्या भाडे कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी जे लायसन्सवर जागेत होते, त्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. वाद पेटल्यावर मालकाला लवाद हवा होता, तर जागेत असलेली कंपनी लघुवाद न्यायालयात गेली. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भाडे कायद्याखालचे हे हक्क सार्वजनिक धोरणाचा भाग आहेत, त्यांचा निर्णय लघुवाद न्यायालयच करेल आणि दोन पक्षांनी आपसात करार करून त्या कोर्टाचा अधिकार काढून घेता येणार नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. भाडे कायदा मुळात दुबळ्या बाजूसाठी आहे. मालकाला फक्त एक परिच्छेद जास्तीचा टाकून तो टाळता आला असता, तर असा परिच्छेद प्रत्येक करारात दिसला असता.

२०११ मध्ये बूझ अ‍ॅलन विरुद्ध एसबीआय होम फायनान्स या खटल्यात (हाही मुंबईतल्याच फ्लॅट्सवरून उद्भवलेला) सुप्रीम कोर्टाने लवादाकडे न जाऊ शकणाऱ्या वादांची यादी दिली. फौजदारी गुन्हे, घटस्फोट, दिवाळखोरी यांच्या जोडीला त्यात भाडेकरूंचे काही वादही होते. मात्र भाडेकरूला कायद्याचं खास संरक्षण आहे आणि ठरावीक कोर्टालाच अधिकार आहे, असेच वाद. म्हणजे सरसकट सगळे नाहीत.

मग २०१७ मध्ये गोंधळ झाला. हिमांगनी एंटरप्रायझेस या प्रकरणात सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने भाडे नियंत्रण कायदा लागू नसलेल्या जागेचा वादही लवादाकडे जाणार नाही, असं म्हटलं. देशभरातल्या ऑफिस, मॉल आणि गोदामांच्या करारांमधली कलमं एका निकालाने अधांतरी झाली. तीन वर्षांनी, १४ डिसेंबर २०२० रोजी विद्या द्रोलिया विरुद्ध दुर्गा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला. हे प्रकरण कलकत्ता हायकोर्टातून आलेलं होतं आणि गोदामाच्या भाडेकरारावरचं होतं.

आज लागू असलेला नियम त्यातूनच आला आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याखालच्या भाडेपट्ट्याचा वाद लवादाकडे जाऊ शकतो, अगदी जागा खाली करण्याचा वादसुद्धा. त्या कायद्यात भाडेकरूला असलेलं संरक्षण आर्बिट्रेटरनेही पाळायचं असतं. पण भाडे नियंत्रण कायद्याखालचा वाद, ज्यासाठी खास कोर्ट नेमलेलं आहे, तो लवादाकडे जाणार नाही.

सरकारी कंपन्यांच्या जागांबाबत वेगळी शंका होती, कारण तिथे सार्वजनिक जागांवरून अनधिकृत कब्जेदार हटवण्याचा १९७१ चा कायदा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सेंट्रल वेअरहाउसिंग कॉर्पोरेशन विरुद्ध सिद्धार्थ टाइल्स या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हा कायदा आहे म्हणून भाडेपट्ट्याच्या करारातून आलेला वाद लवादाकडे जाण्यापासून अडत नाही.

महाराष्ट्रात चित्र वेगळं का आहे?

इंटरनेटवर मिळणारे बरेच नमुने दिल्ली-गुरुग्राम डोळ्यासमोर ठेवून लिहिलेले असतात. दिल्लीचा भाडे नियंत्रण कायदा महिना ३,५०० रुपयांपेक्षा जास्त भाडं असलेल्या जागांना लागू होत नाही. आजच्या भाव पाहता तिथले बहुतेक नवे करार आपोआप सर्वसाधारण कायद्याखाली येतात आणि लवादाचं कलम चालतं. नोकरीसाठी तिकडे गेलेल्या मराठी मुला-मुलींनी म्हणूनच ते जास्त लक्ष देऊन वाचायला हवं.

महाराष्ट्रात भाड्याच्या रकमेची अशी मर्यादा नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे आणि अनुसूचीत दिलेल्या भागांतली घरं, दुकानं, गोदामं त्याखाली येतात. पागडीची चाळ असो की नवीन टॉवरमधलं दुकान, भाडेकरूचं नातं असेल तर हा कायदा दारात उभा असतो. बँका, सार्वजनिक उपक्रम, परदेशी वकिलाती, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्या भाडेकरू असतील, तर मात्र त्यांना या कायद्याचं संरक्षण नाही.

"आमचं तर लीव्ह अँड लायसन्स आहे, भाडेकरू कुठे?" असं अनेक जण म्हणतील. खरं आहे, लायसन्सवर राहणारा भाडेकरू नसतो. पण तिथेही दोन अडथळे आहेत.

घरासाठी दिलेल्या लायसन्सची मुदत संपली आणि माणूस जागा सोडत नसेल, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. लायसन्सचा लेखी करार तिथे त्यात लिहिलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी लायसन्स फीच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू होते. मालकासाठी हा रस्ता लवादापेक्षा सोपा आहे. त्यामुळे घराच्या करारात ताबा मिळवण्यासाठी लवादाचं कलम टाकण्यात मालकाचाही फायदा नाही.

दुसरा अडथळा मुंबईचा आहे. प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालय कायदा, १८८२ च्या कलम ४१ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती केली आहे. त्यानुसार बृहन्मुंबईतल्या मालक-भाडेकरू आणि लायसन्स देणारा-घेणारा यांच्यातले ताब्याचे आणि भाडं किंवा लायसन्स फी वसुलीचे दावे, रक्कम कितीही असो, लघुवाद न्यायालयातच चालतात. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने सेंट्रल वेअरहाउसिंग कॉर्पोरेशन विरुद्ध फोर्टपॉइंट ऑटोमोटिव्ह या प्रकरणात ठरवलं की अशा वादांपुरतं लायसन्स करारातलं लवादाचं कलम चालणार नाही. मुंबईबाहेरच्या लघुवाद न्यायालयांसाठी १८८७ च्या प्रांतिक कायद्यातही राज्याने याच धर्तीची तरतूद केली आहे.

थोडक्यात, मुंबईत 'ताबा' आणि 'भाडं' या दोन गोष्टींसाठी लवादावर विसंबणं धोक्याचं. गोव्यात जागा असेल तर तिथला १९६८ चा स्वतंत्र भाडे नियंत्रण कायदा आधी पाहावा लागेल.

मग उरतं काय? बरंच काही. गाळ्याचं इंटिरिअर कोणी काढून न्यायचं, छत गळून माल भिजला त्याची भरपाई, मालकाने कबूल केलेला वीजभार किंवा पार्किंग दिलंच नाही, मॉलच्या देखभाल खर्चाचा हिशेब, जागेचं नुकसान झालं म्हणून डिपॉझिटमधून किती कापायचं. व्यापारी करारांतले हे पैशांचे वाद ताबा आणि भाडेवसुलीपासून वेगळे काढता येतात आणि लवादाच्या कलमाचा खरा उपयोग इथे आहे. सीमारेषा मात्र नेहमी स्वच्छ नसते. लॉक-इनच्या उरलेल्या महिन्यांची रक्कम ही 'भरपाई' की 'लायसन्स फी', यावर वकील तासभर भांडू शकतात. म्हणून कोणता वाद कुठे जाईल हे कलमातच वेगवेगळं लिहिणं शहाणपणाचं.

'शकतील' आणि 'करतील'

जगदीश चंदर विरुद्ध रमेश चंदर या २००७ च्या खटल्यातल्या भागीदारी करारात लिहिलेलं होतं की वाद आपसात मिटवले जातील किंवा पक्षांनी तसं ठरवल्यास लवादाकडे जातील. सुप्रीम कोर्ट म्हणालं, हा लवादाचा करारच नाही. 'ठरवल्यास' म्हणजे अजून ठरलेलं नाही.

मराठी करारांत हा घोळ सर्रास दिसतो. "वाद लवादाकडे नेता येईल", "उभय पक्ष लवादाची मदत घेऊ शकतील", "शक्यतो लवादामार्फत मिटवतील". ऐकायला सौम्य आणि सभ्य, पण कायद्याच्या दृष्टीने बिनकामाचं. लवाद हवा असेल तर "लवादाकडे सोपवला जाईल" असंच लिहावं लागतं. नको असेल तर ते वाक्य पूर्ण काढून टाकावं. अर्धवट वाक्याचा परिणाम एकच होतो, मूळ भांडणाआधी कलमाच्या अर्थावरचं भांडण.

आर्बिट्रेटर नेमणार कोण?

भाडेकरूंनी सगळ्यात आधी हीच ओळ शोधावी. मालक, विशेषतः मोठे बिल्डर आणि कंपन्या, आर्बिट्रेटर नेमायचा अधिकार स्वतःकडे ठेवतात. मालकाचा सीए, मालकाचा वकील, कधी चक्क मालकाचा भाऊ.

२०१५ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या कलम १२(५) आणि सातव्या अनुसूचीने अशा लोकांना सरळ अपात्र ठरवलं आहे. पक्षकाराचा कर्मचारी, सल्लागार, त्याच्याशी व्यावसायिक संबंध असलेला किंवा जवळचा नातेवाईक आर्बिट्रेटर होऊ शकत नाही. मग पळवाट काढली गेली, "मी स्वतः बसणार नाही, पण दुसऱ्याला मी नेमेन." २०१९ मध्ये पर्किन्स ईस्टमन विरुद्ध एचएससीसी या निकालाने तीही बंद केली. ज्याचं निकालात हित गुंतलेलं आहे, त्याला एकट्याने एकमेव आर्बिट्रेटर नेमता येणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रेल्वे विद्युतीकरणाच्या एका कंत्राटाच्या प्रकरणात पक्षकारांना समान वागणूक देण्याचं तत्त्व पुन्हा ठामपणे मांडलं.

यात एक अपवाद आहे आणि तो लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाद सुरू झाल्यानंतर तुम्ही लेखी आणि स्पष्ट शब्दांत "मला चालेल" असं लिहून दिलं, तर ही अपात्रता माफ होते. भांडण तापलेलं असताना समोरून आलेल्या "फक्त औपचारिकता आहे" अशा पत्रावर सही करण्याआधी हे आठवावं.

योग्य कलमात नेमणूक दोघांच्या संमतीने होते. एक पक्ष नोटीस देतो, नावं सुचवतो. ३० दिवसांत एकमत झालं नाही, तर कलम ११ खाली हायकोर्टात अर्ज करून नेमणूक करून घेता येते. त्यात वेळ जातो. म्हणून मोठ्या व्यापारी करारांत नेमणुकीचं काम मुंबई सेंटर फॉर इंटरनॅशनल आर्बिट्रेशनसारख्या संस्थेकडे दिलेलं असतं. संस्थेची स्वतःची नियमावली आणि फी असते, त्यामुळे कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाळ्यासाठी तिची गरज नाही.

किती आर्बिट्रेटर? कायदा म्हणतो संख्या सम नको, आणि करारात काही लिहिलं नसेल तर एक. भाड्याच्या वादात तीन जण नेमणं म्हणजे फी तिप्पट करून घेणं.

ठिकाण: एका शब्दाची किंमत

लवादाची 'सीट' म्हणजे कायदेशीर ठिकाण आणि 'व्हेन्यू' म्हणजे सुनावणीची जागा. सुनावणी ऑनलाइनही होऊ शकते. पण सीट जिथे, तिथल्याच कोर्टात अंतरिम आदेश मागायचा आणि निवाड्याला आव्हानही तिथेच द्यायचं. २०१७ च्या इंडस मोबाइल विरुद्ध डेटाविंड या निकालात मुंबई ही सीट ठरलेली होती. कराराचा मुंबईशी दुसरा काही संबंध नसला तरी अधिकार मुंबईच्या कोर्टांनाच, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलं.

आता साखळी दुकानांच्या किंवा मोठ्या कंपन्यांच्या करारात डोकावा. जागा कोल्हापूरला, मालक स्थानिक, पण सीट दिल्ली किंवा बेंगळुरू, कारण कंपनीची लीगल टीम तिथे बसते. वाद तीन लाखांचा असेल तर मालक दिल्लीला जाणारच नाही, हे कंपनीला माहीत असतं. म्हणून जागा ज्या शहरात, सीट त्याच शहरात, हा आग्रह धरावा. भाषेचंही तसंच. कायद्याने पक्षकारांना लवादाची भाषा ठरवायची मोकळीक आहे. "कामकाजाची भाषा मराठी राहील" एवढं लिहिलं की झालं. कराराची सगळी कागदपत्रं इंग्रजीत असतील तर मात्र भाषांतराचा खर्च वाढेल, याचाही विचार करावा.

फीचं गणित

"लवाद स्वस्त आणि झटपट" हे वाक्य अर्धंच खरं आहे. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत फीचा नमुना दिला आहे. ५ लाखांपर्यंतच्या दाव्यासाठी ४५,००० रुपये. ५ ते २० लाखांसाठी ४५,००० अधिक ५ लाखांवरच्या रकमेच्या ३.५ टक्के. २० लाख ते १ कोटीसाठी ९७,५०० अधिक २० लाखांवरच्या रकमेच्या ३ टक्के. आर्बिट्रेटर एकटाच असेल तर यावर आणखी २५ टक्के.

समजा घराचं डिपॉझिट २ लाख आहे आणि मालक देत नाही. या नमुन्याने आर्बिट्रेटरची फी ५६,२५० रुपये होते, म्हणजे मागणीच्या २८ टक्के. वकील, टायपिंग, जागा वेगळी. दुसरीकडे एका शोरूमचा भरपाईचा दावा ४० लाखांचा आहे. फी १,५७,५०० अधिक २५ टक्के, म्हणजे १,९६,८७५ रुपये. दाव्याच्या पाच टक्क्यांहून थोडी कमी.

यातून निघणारा निष्कर्ष सरळ आहे. साध्या घरभाड्याच्या करारात लवादाचं कलम नसलेलंच बरं. लाख-दोन लाखांच्या डिपॉझिटसाठी वकिलाची नोटीस, मध्यस्थी आणि गरज पडल्यास कोर्ट हे मार्ग भाडेकरूच्या खिशाला जास्त परवडतात. मोठ्या व्यापारी करारात मात्र कलम असावं आणि त्यात फीची मर्यादाही असावी. कारण हा फीचा तक्ता आपोआप प्रत्येक लवादाला लागू होत नाही. २०२२ च्या ओएनजीसी विरुद्ध अ‍ॅफकॉन्स या निकालात सुप्रीम कोर्टाने आर्बिट्रेटरला स्वतःची फी एकतर्फी ठरवता येणार नाही, असं सांगितलं. ती करारात आधीच लिहिलेली असेल, तर पहिल्या बैठकीतला अवघडलेपणा टळतो.

वेळेबाबत कायदा बरा आहे. दोन्ही बाजूंचं लेखी म्हणणं दाखल झाल्यापासून १२ महिन्यांत निवाडा, संमती असेल तर आणखी ६ महिने. कलम २९ब खाली याहून वेगवान पद्धतही आहे. एकच आर्बिट्रेटर, शक्यतो फक्त कागदपत्रांवर निर्णय आणि ६ महिन्यांत निवाडा. गाळ्यांच्या वादांना ही पद्धत फिट्ट बसते, पण करारांत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो.

नोंदणी नाही, स्टॅम्प कमी, मग कलमाचं काय?

"११ महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार भाडेकरार आणि लीव्ह अँड लायसन्स लेखी असणं आणि नोंदवणं बंधनकारक आहे, मुदत कितीही असो. जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं मानलं जातं, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत.

नोंदणी नसलेल्या करारातलं लवादाचं कलम मात्र मरत नाही. आसाममधल्या चहाच्या मळ्यांचा ३० वर्षांचा भाडेपट्टा नोंदवलेला नव्हता. एसएमएस टी इस्टेट्स या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने लवादाचं कलम हा करारातला स्वतंत्र करार मानला. स्टॅम्पवरून पुढे बरीच उलटसुलट झाली. शेवटी १३ डिसेंबर २०२३ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने ठरवलं की मुद्रांक शुल्क भरलेलं नसलं तर करार पुरावा म्हणून चालत नाही, पण तो रद्दबातल ठरत नाही. तूट आणि दंड भरून दोष दूर करता येतो आणि तो प्रश्न आर्बिट्रेटर पाहू शकतो.

मग चांगलं कलम दिसतं कसं?

महाराष्ट्रातल्या एका व्यापारी गाळ्याच्या करारासाठी ते असं असू शकेल:

"या करारातून किंवा करारासंबंधी निर्माण होणारा वाद उभय पक्ष प्रथम लेखी नोटिशीनंतर ३० दिवसांत चर्चेने सोडवण्याचा प्रयत्न करतील. तो न सुटल्यास लवाद आणि सलोखा अधिनियम, १९९६ नुसार एकमेव लवादाकडे सोपवला जाईल. लवादाची नेमणूक उभय पक्षांच्या लेखी संमतीने होईल. नोटिशीपासून ३० दिवसांत संमती न झाल्यास कायद्यानुसार न्यायालयामार्फत होईल. लवादाची सीट पुणे राहील. कामकाजाची भाषा मराठी राहील. लवादाची फी अधिनियमाच्या चौथ्या अनुसूचीपेक्षा जास्त असणार नाही व ती प्रथम उभय पक्ष समान भरतील. २० लाख रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी कलम २९ब ची जलद पद्धत वापरली जाईल. जागेचा ताबा, भाडे किंवा लायसन्स फीची वसुली आणि कायद्याने विशिष्ट न्यायालयाकडे किंवा प्राधिकाऱ्याकडे सोपवलेले इतर वाद या कलमात येणार नाहीत."

शहर, रक्कम, भाषा बदलतील. शेवटचं वाक्य मात्र महाराष्ट्रात सहसा काढू नये. ते नसेल तर समोरचा पक्ष संपूर्ण कलमच अवैध आहे असा युक्तिवाद करायला मोकळा होतो. भाडेकरू दिल्लीत सर्वसाधारण कायद्याखाली असेल, तर हेच वाक्य उलट काम करेल आणि ताब्याचा वाद विनाकारण कोर्टात जाईल. कलम कॉपी-पेस्ट करू नये ते यासाठी. मोठ्या रकमेचा करार असेल तर मसुदा वकिलाला दाखवणं केव्हाही स्वस्त पडतं.

आधीच सही झाली असेल तर?

करार चालू असताना दोघांच्या संमतीने पुरवणी करार करून कलम बदलता येतं. मूळ करार नोंदवलेला असेल तर पुरवणीही नोंदवलेली बरी. लवादाचा करार लेखी हवा अशी कायद्याची अट आहे, पण 'लेखी'मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमातला पत्रव्यवहारही येतो. त्यामुळे "चालेल, लवादाकडे जाऊ" असं ईमेलवर सहज लिहून टाकणं टाळावं.

समोरच्याने कोर्टात दावा लावला आणि तुम्हाला लवाद हवा असेल, तर वादाच्या मुद्द्यांवर आपलं पहिलं लेखी म्हणणं मांडण्याच्या तारखेपर्यंतच कलम ८ चा अर्ज करता येतो. त्यासोबत मूळ करार किंवा त्याची प्रमाणित प्रत जोडावी लागते. आधी कैफियत देऊन नंतर लवादाची आठवण झाली तर कोर्ट ऐकत नाही.

आणि लवाद तुम्हाला सुरू करायचा असेल, तर सुरुवात समोरच्याला पाठवलेल्या नोटिशीने होते. त्यात वाद काय, रक्कम किती आणि तो लवादाकडे सोपवण्याची मागणी, हे तिन्ही स्पष्ट लिहावं आणि ती नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवावी. पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते आणि ती मोजताना समोरच्याला ही नोटीस मिळाली ती तारीख पाहिली जाते, फोनवर झालेल्या बोलण्याची नाही.